दहाचं सलाइन

४ फेब्रुवारी

प्रिय ठकू,

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, मागे कोण खोकतंय?" मी म्हटलं, शेजारचे. शेजारी लेकाकडे गेलेत, त्यांच्या दाराला कुलूप आहे. तुला ते माहीत नाही म्हणून खपून गेलं. खोकत होते ते जावई. आता त्यांना जावई म्हणावं की नाही ते मला कळत नाही, पण कोर्टात अजून काही झालेलं नाही, म्हणून जावई.

पत्र फाडू नकोस. फाडायचंच तर वाचून झाल्यावर फाड. फोनवर तू मधेच तोडतेस, म्हणून कागदावर लिहितेय.

मागच्या आठवड्यात हॉस्पिटलमधून फोन आला. "तुम्ही पेशंटच्या सासूबाई ना? कागदावर जवळचं माणूस म्हणून तुमचाच नंबर आहे." बदललाच नव्हता त्यांनी. लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम करताना घसरले, नडगी मोडली, आत धातूची पट्टी बसवली. पट्टीखाली पू झाला आणि पू हाडात शिरला. आता पट्टी काढलीय, पण हाड साफ व्हायला सहा आठवडे शिरेतून औषध जायला हवं. गोळ्यांनी भागणार नाही म्हणाले. औषधाला रोज लागतो अर्धा तास. उरलेला दिवस नुसता पलंग अडवून पडायचं आणि त्या पलंगासाठी बाहेर माणसं ताटकळलेली. म्हणून हल्ली असे पेशंट घरी सोडतात. अट एकच, घरात दुसरं धडधाकट माणूस हवं.

मी नाही म्हणायला गेले होते, ठकू. फोनवर नाही म्हणणं बरं दिसत नाही, तोंडावर सांगावं, म्हणून गेले. तर हे पलंगावर वाकून पलंग वर-खाली करायची मूठ चमच्याच्या दांड्यानं खोलत बसलेले. मला बघून ओशाळले. "आई, तुम्ही कशाला आलात? मी बघतो काहीतरी." तिथली सिस्टर म्हणाली, "यांना न्या हो कुणीतरी, नाहीतर एक दिवस अख्खा वॉर्ड सुटा करून ठेवतील."

मी हसले. हसायला नको होतं. एकदा हसल्यावर नाही म्हणता येईना.

आपली लिफ्ट उन्हाळ्यापासून बंद आहे. चार मजले ते पायऱ्यांवर बसून, उलटे सरकत सरकत वर आले. मी मागे कुबड्या घेऊन. दर मजल्यावर थांबून लिफ्टच्या दाराकडे असे बघायचे की मला वाटलं, तिथेच ठाण मांडतात आता.

तुझ्या खोलीत नाही ठेवलेलं. बाहेरच्या खोलीत दिवाणावर आहेत. तुझी खोली बंद आहे.

चिडशील. चिड, पण फोन कर.

तुझी,
आई


११ फेब्रुवारी

प्रिय ठकू,

फोन केलास आणि एकच वाक्य बोललीस. "मी टाके घालून पडले होते तेव्हा तो कुठे होता ते त्याला विचार, आणि मग खुशाल भरव त्याला." आणि तोडलास. त्यानंतर उचलत नाहीस.

मी विसरलेय असं वाटतं का तुला? तुझ्या पलंगाशेजारी मीच होते. बाळ गेल्याचं तुला मीच सांगितलं. तू दाराकडे बघत राहायचीस आणि दारातून प्रत्येक वेळी दुसरंच कुणीतरी आत यायचं. दोन दिवस. मी विसरले नाही. आणि भरवत बिरवत नाही, ते हातानं जेवतात.

तरी काय चाललंय ते सांगते, कारण सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्यांच्या दंडातल्या शिरेत एक बारीक नळी घातलीय, तिचं टोक आत पार छातीपर्यंत गेलंय. बाहेर वीतभर शेपूट आणि त्याला टोपण. वर पारदर्शक पट्टी चिकटवलेली, तिच्यातून सगळं दिसतं. पहिले काही दिवस घरी फिरणाऱ्या सिस्टर येऊन माझ्याकडून सगळं करून घेत होत्या. ठेंगणी, जाड चष्म्याची बाई, पाठीवर सॅक. चार मजले चढून आल्या की आधी पंख्याखाली उभ्या राहतात आणि आपल्या सोसायटीला शिव्या देतात. मी आयुष्यभर पोरांना कवायत शिकवली, आता ही बाई मला कवायत शिकवते. "हात धुवा. नाही, परत. टोपणाला स्पिरिट घासा. अहो, पुसताय काय, घासा! आता फुंकर घालायची नाही, वाळू द्यायचं." मग मिठाच्या पाण्याची सिरिंज, थोडी दाबायची, थांबायचं, थोडी दाबायची. मग औषधाची बाटली टांगायची. ती फ्रिजमध्ये अंड्यांशेजारी असते, तासभर आधी बाहेर काढावी लागते. संपली की पुन्हा मिठाचं पाणी आणि टोपण.   आता सिस्टर आठवड्यातून एकदाच येतात पट्टी बदलायला, रोजचं मी करते.

बाटली तुझ्या बाबांचा कोट टांगायच्या खुंटीला लावते. सकाळी दहाला.

आणि तो अर्धा तास, ठकू! तुला माहीतच आहे, त्यांचं बूड एका जागी टेकत नाही. जेवतानासुद्धा उठून नळ घट्ट करून येतात. घरातलं एकही यंत्र सोडलेलं नाही. मिक्सर आता किंचाळत नाही, भिंतीवरचं घड्याळ बरोबर चालतं, बाथरूमचं दार न ढकलता बंद होतं. पण दहाला बाटली लागली की माणूस पिंजऱ्यात. बोटं गुडघ्यावर वाजवतील, मान वळवून थेंब बघतील, "जरा जोरात सोडा ना" म्हणतील.

काल थेंब सुरू केले, समोर खुर्ची घेतली आणि विचारलं. "ठकू दवाखान्यात होती तेव्हा दोन दिवस कुठे होतात?"

ते उठले. खरंच उठले, एका पायावर, आणि खुंटीवरची बाटली काढायला हात वर केला. घेऊन चालले असते गॅलरीत. मी ओरडले, "बस खाली!" मैदानावरच्या आवाजात. समोरच्या इमारतीतली दोन माणसं खिडकीत आली. आणि हे बसले.  बाटली संपेपर्यंत फरशीकडे बघत होते.

मी विचारलं, एवढंच तुला कळवते. उत्तर मिळालं नाही.

आई


२० फेब्रुवारी

प्रिय ठकू,

आपली लिफ्ट सुरू झाली! कशी झाली ते सोड. झाली. मी सकाळपासून कारण नसताना दोनदा खाली जाऊन आले. सिस्टर लिफ्टनं आल्या, पंख्याखाली उभ्या राहिल्याच नाहीत, चक्क चहा घेतला. सेक्रेटरीनं, म्हणजे आपल्या नोटीसवाल्यांनी, लगेच नोटीस लावली, "लिफ्टमध्ये उगाच ये-जा करू नये." मी ती वाचायलाच तिसऱ्यांदा गेले.

बाकी ठीक आहे. जखम सुकतेय. दंडावरची पट्टी जरा सुटली होती, मी नीट केली. काळजीचं कारण नाही. काळजी कोण करणार म्हणा.

थांबते, दूध उतू जातंय.

आई


२३ फेब्रुवारी

ठकू,

हे हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय, अक्षर लागलं तर बघ. मागच्या पत्रात मी तुझ्यापासून लपवलं. लिफ्ट त्यांनी दुरुस्त केली आणि मी करू दिली.

आधी मी नाहीच म्हणत होते. पण त्यांचं रोज चालू, "आई, रिले गेलाय हो नुसता, तासाचं काम आहे." आणि माझे गुडघे! भाजी आणायची तर आदल्या दिवसापासून मनाची तयारी करावी लागते. गुरुवारी दुपारी नोटीसवाले झोपतात हे मला माहीत होतं. मी जिन्यावर पहारा दिला आणि मग वर जाऊन बॅटरीही धरली. मशीनच्या खोलीत भट्टीसारखं गरम, घामानं निथळत होते, कोपरापर्यंत ग्रीस. पण काय सांगू, इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो माणूस शांत दिसला. हात भराभर चालत होते आणि चेहरा स्वस्थ. मला वाटलं, राहू दे, बरं वाटतंय त्यांना. माझं मलाही बरं वाटत होतं.

खाली येऊन बघते तर दंडावरची पट्टी एका बाजूनं सुटलेली, कडेला काळं. अशा वेळी सिस्टरला फोन करायचा, हा पहिल्या दिवसाचा धडा. मी केला नाही. ओरडतील म्हणून. मी, सत्तरीची बाई, ओरडा बसेल म्हणून घाबरले! कापसानं पुसलं आणि घरातली चिकटपट्टी लावली. दुसऱ्या दिवशी सिस्टर येणारच होत्या, तोवर मी कडा नीट दाबून झाकून ठेवल्या. त्यांनी नवीन पट्टी लावली आणि विचारलं, "ही सुटली होती का?" मी म्हटलं, "नाही."

आज दहाला मिठाचं पाणी दिलं, बाटली लावली. थोड्याच वेळात त्यांचे दात वाजायला लागले. मग खांदे, मग सगळा दिवाण हलायला लागला. ओठ निळे. मी नळी बंद करायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं. "चालू राहू दे, आई. थंडी आहे नुसती. बंद केलंत तर परत तिथे टाकतील मला. होईल अर्ध्या तासात."

मी हात सोडवला आणि चिमटा बंद केला. सिस्टरला फोन लावला आणि सगळं सांगितलं. लिफ्ट, ग्रीस, चिकटपट्टी, "नाही" म्हटलेलं, सगळं. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "नळीला हात लावू नका आता. गाडी पाठवते." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

स्ट्रेचर त्याच लिफ्टमधून खाली आणलं. जिन्यानं किती वेळ गेला असता कुणास ठाऊक. आणि लिफ्ट तशीच बंद राहिली असती तर स्ट्रेचर लागलंच नसतं. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही माझ्या डोक्यात एकदमच भणभणतंय.

नळीतून जंतू रक्तात गेले म्हणतात. नळी काढली. आता हाताच्या साध्या सुईतून औषध चालू आहे. ताप चढलेला.

तपासणीच्या खोलीत डॉक्टरची वाट बघताना ते आपणहून बोलले. मी विचारलं नव्हतं. म्हणाले, "मी आलो होतो, आई. ती होती तेव्हा. लिफ्टनं वर आलो, दार उघडलं, समोर तिचा वॉर्ड. पाय बाहेर पडेना. दार बंद झालं. परत वर आलो. असं किती वेळा केलं ते माहीत नाही. लिफ्टमन म्हणाला, साहेब, बिघडलीय का? मी म्हटलं, हो, तपासतोय. मग कामावर निघून गेलो. दुसऱ्या दिवशीही तेच."

मी म्हटलं, "एवढंच? दहा पावलं होती ती."

"हो," म्हणाले. "दहाच होती."

हे मी त्यांची बाजू घेऊन लिहीत नाही. हे कारण आहे, माफी नाही, आणि कारण तरी धड आहे का? तू दाराकडे बघत होतीस आणि ते दाराच्या पलीकडे वर-खाली करत होते. मला आधीपेक्षा जास्त राग आला, खरं सांगते. आणि त्याच वेळी मी त्यांच्या कपाळावरची ओली पट्टी बदलत होते. तू विचारायला सांगितलं होतंस, म्हणून उत्तर कळवलं. त्याचं काय करायचं ते तुझं तू ठरव.

नाव पुकारताहेत. जाते.


३ मार्च

प्रिय ठकू,

ताप उतरला. नवीन नळी दुसऱ्या दंडात घातली आणि परवा घरी सोडलं. सिस्टरनी हॉस्पिटलात सांगून टाकलं, "आजीबाई खरं बोलतात, उशिरा बोलतात, पण बोलतात. द्या घरी." आता त्या आठवड्यातून दोनदा येतात. माझ्यावर भरवसा नाही, आणि ते योग्यच आहे.

तुझं पाकीट मिळालं. आत घटस्फोटाचे कागद आणि चिठ्ठीवर दोनच शब्द, "सही घे." मायना नाही, खाली नावसुद्धा नाही. वकिलालाही माणूस यापेक्षा जास्त लिहितं गं.

मी रागावले नाही. तुझं चुकलं असंही म्हणत नाही. घरभर फेऱ्या मारल्या, कपड्यांच्या घड्या मोडून परत घातल्या, आणि मग दहाला बाटली लावल्यावर कागद त्यांच्या मांडीवर ठेवले. त्याच वेळेला का, ते तुला कळेल. दुसऱ्या कुठल्याही वेळी ते कुबड्या घेऊन निघून गेले असते.

वाचले सगळे. पानं सरळ केली. "सही करतो," म्हणाले. "पण तिनं मला सांगावं. कागदानं नाही, तोंडानं."

मी म्हटलं, "आणि तुम्ही ऐकून घ्याल? ती अर्धं वाक्य बोलेल आणि तुम्ही जिन्यात."

ते दंडाकडे बघत म्हणाले, "तिला दहाला फोन करायला सांगा. तेव्हा मी कुठे जाणार?"

ते थट्टा करत नव्हते, ठकू. मी तोंड बघितलंय.

मी तुला गळ घालणार नाही. तुला नको असेल तर मी कागद तसेच पुढे करीन, सही होईल, पोस्टानं येतील. पण तुझ्या मनात दोन वर्षं जे साचलंय ते मला फोनवर त्या एका वाक्यात ऐकू आलं होतं, आणि ते मला ऐकवून तुझं काय भागणार? ज्याला ऐकवायचं तो रोज अर्धा तास बांधलेला असतो. फोन कर किंवा करू नकोस. मी दहाला फोन त्यांच्याजवळ ठेवीन.

आई


१० मार्च

प्रिय ठकू,

फोनवर तुला ऐकू गेलं, पण दिसलं नाही. म्हणून लिहिते.

बाटली लावून मी वळतेय तोच वाजला. त्यांनी उचलला आणि माझ्याकडे बघितलं, मी स्वयंपाकघरात गेले. नळ सोडून ठेवला, म्हणजे शब्द कळू नयेत. नळ हल्ली आवाजच करत नाही, त्यांनीच दुरुस्त केलाय. तरी तुझे शब्द कळले नाहीत. तुझा आवाज तेवढा कळत होता. आधी चढलेला, मग बराच वेळ एका पट्टीत, आणि मग, मला वाटतं, तू रडत होतीस. त्यांचं फक्त "हो" ऐकू यायचं. "हो." मग बराच वेळ तूच. "हो, होतो मी तिथेच." 

मी कांदे चिरले. नको होते तरी चिरले. घड्याळ बघितलं तर बाटली संपायची वेळ होऊन गेलेली. संपल्यावर लगेच मिठाचं पाणी द्यावं लागतं, नाहीतर नळी तुंबते. आत जाऊ की नको? गेले तर तुमचं बोलणं तुटेल, आणि नाही गेले तर नळी बाद. पदराला हात पुसत दारापर्यंत गेले आणि थांबले.

बाटली रिकामी होती. फोन त्यांनी कान आणि खांद्यामध्ये दाबून धरला होता आणि एका हातानं स्वतःच चिमटा लावला होता. टोपणाला स्पिरिट घासत होते, पुसत नव्हते, घासत होते. वाळू दिलं. सिरिंज लावली, थोडं दाबलं, थांबले, थोडं दाबलं. टोपण लावलं. सगळं तुझं बोलणं ऐकता ऐकता. एकही "हो" चुकला नाही.

आता त्यांना धरून ठेवणारं काही उरलं नव्हतं. कुबड्या हाताशी होत्या, दार उघडं होतं. मी दारात उभी राहून वाट बघत होते की आता उठतील.

उठले नाहीत, ठकू. तू बोलत होतीस तोवर बसले होते. आणखी अर्धा तास असेल, जास्त असेल. बोटंसुद्धा वाजवली नाहीत.

मग त्यांनी फोन माझ्याकडे केला. तू म्हणालीस, "आई, गुडघे कसे आहेत?" आणि मी काय बोलले? "लिफ्ट चालू आहे." एवढं बोलून मी फोन ठेवला. मागाहून मी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. इतक्या दिवसांनी लेक आपण होऊन विचारते आणि मी बाई लिफ्टचं सांगते! गुडघे दुखतात. तू विचारलंस म्हणून जरा कमी दुखतात. हे तेव्हा सुचायला हवं होतं.

कागद याच पाकिटात आहेत. त्यांनी पेन मागितलं आणि सगळ्या पानांवर सह्या केल्या, घाई न करता, प्रत्येक पान वाळेपर्यंत थांबून. दिवाणावर बसूनच. शेवटचं पान माझ्या हातात देताना म्हणाले, "आता मी इथे राहणं बरं नाही. आता तुमचं माझं नातं काय?"

मी म्हटलं, "त्या तापापायी औषध वाढवलंय, अजून तीन आठवडे चालायचंय."

"ते सिस्टर करतील. मी खोली बघतो कुठेतरी."

"कुठे? आणि तिथे सिस्टरना दार कोण उघडणार?"

त्यावर त्यांनी पेन बंद करून माझ्याकडे दिलं.  सह्या झाल्या म्हणजे तुझं आणि त्यांचं संपलं, ते मला मान्य आहे, आणि तू दुखावशील असं काही मी करणार नाही. तसं तुला वाटत असेल तर कळव. पण हे काम मी माझ्या नावावर घेतलंय, तुझ्या नाही. अर्धवट सोडलं तर हाड पुन्हा सडेल. ज्या माणसाला मी नाही म्हणायला गेले होते त्याला आता अर्ध्यावर नाही म्हणू का?

कागद पाकिटात घालत होते तेव्हा ते पुन्हा म्हणाले, "पण तुम्हाला हाक काय मारायची? आई म्हणता येणार नाही आता."

"काय वाटेल ते म्हणा," मी म्हटलं. "उद्या दहाला हात धुऊन जागेवर बसलेले दिसा."

तुझी,
आई